शिळेचें वस्त्र



परमेश्वराच्या कृपेनें आपल्या या लहानशा धर्मग्रामास पंचवीस वर्षें पूर्ण झालीं. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें उपदेशाचे चार शब्द लिहावेत, अशी रीत आहे. परंतु उपदेश आपण दर रविवारीं ऐकतच आहां. म्हणून या प्रसंगीं आपणांस भिंतींचा इतिहास सांगावा, असें आम्हीं योजिलें आहे.

त्याचें कारण आपणांस ठाऊकच आहे. महोत्सवानिमित्त वेदीमागील भिंत शिरा असलेल्या संगमरवराच्या हलक्या लाद्यांनीं मढवावी, अशी सूचना गेल्या वर्षीं धर्मग्रामाच्या सभेपुढें आली. कोणी म्हणाले, देवाचें घर शोभिवंत असावें. कोणी म्हणाले, आपल्याच माणसांनीं घडून रचलेला काळा दगड झांकणें म्हणजे त्यांच्या श्रमांवर पडदा टाकणें होय. दोन्ही पक्षांनीं आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हांस त्या वेळीं नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. सेमिनरींत आम्ही तत्त्वज्ञान शिकलों, ईश्वरविज्ञान शिकलों. पण एका दगडावर दुसऱ्या दगडाचें वस्त्र कां चढवितात व तें कसें टिकतें, हें आम्हांस कोणीं शिकविलें नव्हतें. तेव्हां पुस्तकें धुंडाळलीं, जाणत्यांस विचारलें, आणि जें हातीं आलें तें येथें क्रमानें मांडीत आहोंत. शेवटीं सभेनें काय ठरविलें व कां ठरविलें, तेंही सांगूं.

काळ्या दगडाचा मुलूख

मुळशीच्या माणसास दगड म्हणजे काय हें सांगावयास नको. पौडपासून ताम्हिणीच्या घाटापर्यंत कोठेंही कुदळ मारा, ती थोडक्यांत काळ्या कातळावर खणखणते. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस भेगांवाटे बाहेर आला, थरांवर थर सांचत गेले, आणि ते थंड होऊन हा कातळ झाला. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा म्हणजे तेच थर होत. घराचें जोतें, विहिरीचें बांधकाम, जातें, पाटा आणि वरवंटा, सारें याच दगडाचें. मुळशीचें धरणही दगडी बांधकामाचें आहे. १९२१ सालीं ज्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, ज्याचें नेतृत्व सेनापति बापट यांनीं केलें, आणि ज्याच्या पाण्याखालीं त्या शेतकऱ्यांचीं घरें व भातखाचरें गेलीं, तें हेंच धरण. या खोऱ्यांत दगडाच्या भिंतीविषयीं माणसाचें मन हळवें असलें तर नवल नाहीं.

संगमरवर मात्र या मुलखांत निपजत नाहीं. तो मुळांत चुनखडीचा दगड. भूमीच्या पोटांत उष्णता व दाब यांत सांपडून चुनखडीचे कण नव्यानें स्फटिकरूप झाले कीं तिला संगमरवर म्हणतात. मूळ चुनखडींत माती, लोह किंवा कोळशासारखें द्रव्य मिसळलेलें असेल, तर त्याच्याच पिंवळसर, हिरवट वा करड्या शिरा होतात. म्हणजे ज्या शिरांना आपण शोभा म्हणतों, त्या वस्तुतः त्या दगडांतील भेसळीच्या व त्यानें सोसलेल्या दाबाच्या खुणा आहेत. बहुधा त्याच जागीं दगड दुबळाही असतो. ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल, म्हणून लक्षांत ठेवावी.

रोमची करवत

जेथें संगमरवर दुरून आणावा लागतो, तेथें तो जपून वापरणें ओघानेंच आलें. संबंध भिंत त्याची न बांधतां विटांची किंवा जवळच्या दगडाची भिंत उभारावी, आणि वर संगमरवराचें पातळ कवच चढवावें, ही युक्ति फार जुनी आहे. इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला रोमन पंडित प्लिनी यानें सृष्टिविषयक आपल्या प्रचंड ग्रंथाच्या छत्तिसाव्या खंडांत तिची हकीकत दिली आहे. रोम शहरांत आपल्या घराच्या भिंती संगमरवराच्या पातळ लाद्यांनीं प्रथम मढविणारा गृहस्थ म्हणून तो मामुर्रा याचें नांव सांगतो. हा मामुर्रा गॉल देशाच्या मोहिमेंत जूलियस सीझरच्या कारागिरांचा प्रमुख होता. आणि त्यानें तेथें मिळविलेल्या संपत्तीविषयीं त्या काळींही लोकांत बरें बोललें जात नव्हतें.

दगड कापण्याची रीतही प्लिनीनें सांगितली आहे. लोखंडाची पट्टी दगडावर पुढें-मागें ओढतात खरी. परंतु कापण्याचें काम ती पट्टी करीत नाहीं, तिच्याखालीं घातलेली वाळू करते. या कामास इथिओपियाची वाळू उत्तम, आणि हिंदुस्थानच्या वाळूचीही लोक वाखाणणी करतात, असें तो लिहितो. वाचून आम्हांस मौज वाटली. रोमच्या धनिकांच्या भिंती मढविण्याच्या गोष्टींत आपल्या देशाच्या वाळूचें नांव निघावें, हें कोणाच्या स्वप्नांत आलें असतें? पण ज्या प्लिनीनें ही कला इतक्या बारकाईनें वर्णिली, त्यानेंच चैनीखातर डोंगर फोडून दगड समुद्रपार वाहून नेणाऱ्या आपल्या देशबांधवांस कठोर शब्दांत दोष दिला आहे. आपल्या सभेंत जे दोन पक्ष समोरासमोर बसले होते, ते जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीं एकाच माणसाच्या मनांत नांदत होते.

उघडलेली पोथी

ख्रिस्तसभेनें ही कला रोमकडून घेतली आणि कॉन्स्टँटिनोपल नगरीत ती कळसास पोंचविली. सम्राट जस्टिनियन यानें इ. स. ५३२ ते ५३७ या सहा वर्षांहूनही कमी काळांत हागिया सोफिया, म्हणजे पवित्र ज्ञानाचें मंदिर, बांधविलें. त्याच्या भिंती मुख्यतः विटांच्या; परंतु आंतून त्यांवर देशोदेशींच्या संगमरवराच्या लाद्या चढविल्या. कारागीर एकच शिळा चिरून तिच्या दोन पातळ लाद्या करीत आणि पोथी उघडावी तशा त्या शेजारीं शेजारीं लावीत. मग डावीकडील शीर उजवीकडे आरशांतल्याप्रमाणें उमटे, आणि दगडाच्या पोटांत युगानुयुगें झांकलेली रेघ भाविकांपुढें फुलासारखी उघडी होई. या मंदिराचा घुमट भूकंपानंतर पुन्हा उभारला गेला, तेव्हां राजदरबारांतील पॉल नांवाच्या कवीनें त्याचें वर्णन रचलें. त्यांत त्यानें एकेका संगमरवराची जात, रंग व देश सांगितला आहे. ती वास्तु १४५३ नंतर मशीद झाली, १९३५ पासून संग्रहालय होती, आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. राज्यें बदललीं, प्रार्थना बदलली. भिंतींवरील त्या लाद्यांपैकीं पुष्कळ आजही जागेवर आहेत.

परंतु त्याच नगरीची दुसरीही एक आठवण आहे. हें मंदिर उभें राहण्यापूर्वीं सुमारें सव्वाशें वर्षें संत योहान क्रिसोस्तोम हे तेथील धर्माध्यक्ष होते. त्या पदावर येण्यापूर्वीं अंत्युखिया नगरीत असतांना त्यांनीं संत मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचनें दिलीं. त्यांपैकीं एकांत ते विचारतात तें थोडक्यांत असें : ख्रिस्ताची वेदी सोन्याच्या पात्रांनीं भरून टाकली, आणि दाराबाहेर तोच ख्रिस्त गरिबाच्या रूपानें उपाशी व उघडा राहिला, तर त्या सोन्याचा काय उपयोग? मंदिर सजवूं नका, असें संत म्हणत नाहींत. दोन्ही करा, पण गरिबापासून आरंभ करा, इतकेंच ते सांगतात. आमच्या मतें या विषयावर ख्रिस्तसभेंत जें जें पुढें बोललें गेलें, त्याचें सार या एका आज्ञेंत आलें आहे.

व्हेनिस शहरांतील संत मार्क यांचें मंदिरही असेंच. आजची वास्तु १०६३ च्या सुमारास सुरू झाली. आंत वीट, वर संगमरवर. एकोणिसाव्या शतकांत जॉन रस्किन या इंग्रज लेखकानें व्हेनिसच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ लिहिला व त्यांत एक प्रश्न विचारला : विटेवर संगमरवर चढविणें ही फसवणूक नव्हे काय? त्याचें उत्तर मननीय आहे. कवच हें कवच म्हणूनच दाखविलें, त्याच्या कडा व खिळे लपविले नाहींत, त्यानें आपण भार वाहतों असा आव आणला नाहीं, तर त्यांत फसवणूक नाहीं, असें तो म्हणतो. माणूस अंगरखा घालतो म्हणून कोणी त्यास लबाड म्हणत नाहीं. अंगरख्यालाच कोणी कातडी म्हणूं लागला, म्हणजे लबाडी सुरू होते.

तीनशें गाडे

आतां आपल्या देशाकडे वळूं. आग्र्याचा ताजमहाल अखंड संगमरवराचा आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक त्याचा गाभा विटांचा आहे आणि वर राजस्थानांतील मकराण्याच्या संगमरवराचें आवरण आहे. परंतु मुळशीकरांस त्याहून अधिक शिकविणारी वास्तु आपल्याच महाराष्ट्रांत आहे. ती म्हणजे पूर्वींच्या औरंगाबाद व आजच्या छत्रपति संभाजीनगर येथील बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ ही वास्तु उभी राहिली व १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाली. ताजमहालाचे प्रमुख शिल्पी उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र अताउल्ला हे तिचे शिल्पकार. पिता आग्र्यास, पुत्र दख्खनेंत. पित्याच्या पायांखालीं यमुनेचा कांठ, पुत्राच्या पायांखालीं आपला काळा कातळ.

फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये त्या काळीं या देशांत फिरत होता. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जातांना या कामासाठीं संगमरवर घेऊन चाललेले सुमारें तीनशें गाडे आपण पाहिले, आणि त्यांतील लहानांत लहान गाड्यासही बारा बैल जुंपलेले होते, असें त्यानें नमूद केलें आहे. वाचकहो, हें दृश्य क्षणभर डोळ्यांपुढें आणा. घाट, नद्या, चिखल, आणि त्यांतून हजारों बैल पांढरा दगड ओढीत आहेत! अंगावरच्या वस्त्राचेंही वजन कोणाला तरी वाहावें लागतें.

इतका खटाटोप करूनही संगमरवर पुरेल एवढा नव्हता, किंवा पुरविण्याची ऐपत नव्हती. म्हणून तेथें जी योजना केली ती मोठी समंजस आहे. खालचा भाग, जेथें माणूस जवळ उभा राहतो व ज्याला हात लावतो, तेथें संगमरवर. त्याच्या वर घुमटाच्या पायथ्यापर्यंत आपलाच काळा दगड आणि त्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा व त्यांतच उठविलेली नक्षी. घुमट पुन्हा संगमरवराचा. या कामास ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे खर्च आला, असा आंकडा जुन्या एका बखरींत आहे. ताजमहालाशीं तुलना करून लोक या मकबऱ्यास हिणवतात. आम्हीं तो पाहिला तेव्हां आमच्या मनांत निराळाच विचार आला. साडेतीनशेंहून अधिक वर्षें त्या भिंतींचा भार काळा दगड वाहत आहे. नांव मात्र पांढऱ्याचें झालें आहे. जगांतील कष्टकऱ्यांची कहाणी याहून फारशी वेगळी नाहीं.

गोमंतकांतील दोन धडे

आपणांपैकीं पुष्कळांनीं जुन्या गोव्याची यात्रा केली आहे. तेथील बॉम जेझू हें चर्च १५९४ ते १६०५ या काळांत बांधलें गेलें. त्याचें बांधकाम जांभ्या दगडाचें. दर्शनी भागावरील कोरीव कामाचा काळा दगड वसईहून नेला, असें सांगतात. या चर्चंत आमच्या विषयाचे दोन धडे एकाच छपराखालीं मिळतात.

पहिला धडा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा. संतांचा देह ज्या रुप्याच्या पेटींत आहे, ती गोव्यांतच १६३६-३७ सालीं घडविली. तिच्याखालील उंच चौथरा मात्र फ्लॉरेन्स शहरीं तयार झाला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा यानें तो अर्पण केला आणि जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकारानें घडविला. निरनिराळ्या रंगांचे शिरांदार संगमरवर व यास्फे यांचे कापलेले तुकडे पेट्यांत भरून गलबतानें गोव्यास आले, आणि १६९८ सालीं ते जुळवून चौथरा उभा केला. दुरून आणावयाचा, तुकड्यांनीं आणावयाचा, जागेवर जुळवावयाचा, असा मढविण्याच्या दगडाचा सारा व्यवहार येथें दिसतो. आणि ज्या संतानें आपल्या हयातींत फाटक्या झग्यावर समाधान मानलें, त्याच्या देहाखालीं भाविकांनीं हें वैभव ठेविलें, याचाही विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

दुसरा धडा बाहेरच्या भिंतींचा. जुन्या गोव्यांतील इतर चर्चें पांढरीं दिसतात, बॉम जेझू तांबडें. यामुळें तें मूळचेंच तसें, असें पाहणारास वाटतें. परंतु त्यावरही पूर्वीं चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास तो काढून टाकून दगड उघडा केला गेला, कारण उघडा दगड पुरातन व खरा दिसतो. आज तोच जांभा दर पावसाळ्यांत पाणी पितो आणि झिजतो, व गिलावा पुन्हा चढवावा कीं काय यावर वाद चालला आहे. आवरण म्हणजे लबाडी, असें मानणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें उदाहरण ध्यानांत घ्यावें. आवरणानें कित्येकदां भिंत जगते.

पातळपणाची किंमत

आतां आजच्या हलक्या लाद्यांविषयीं. आपल्याच मुळशी तालुक्यांत हिंजवडी व माण येथें ज्या उंच इमारती उठल्या आहेत, त्यांच्यामुळें दगडाचें पातळ आवरण म्हणजे काय हें आपल्या तरुणांस ठाऊक झालें आहे. कांहीं त्यांत नोकरी करतात, कांहींनीं त्यांच्या परांचीवर काम केलें आहे.

हिशेब सोपा आहे. दोन सेंटिमीटर जाडीच्या संगमरवराचें वजन दर चौरस मीटरास सुमारें ५४ किलो भरतें. आपली वेदीमागील भिंत २० फूट रुंद व १२ फूट उंच आहे; ती सर्व मढविली तर १,२०० किलो दगड तिच्या अंगावर लटकेल. हाच दगड पांच मिलिमीटर जाडीचा केला तर वजन ३०० किलोंवर येतें. परंतु इतका पातळ संगमरवर हातांतच मोडेल. म्हणून त्याच्या पाठीस अल्युमिनियमची जाळी चिकटवितात. ही जाळी मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरांची असते. माशी थोड्या मेणांत भक्कम घर बांधते, तेंच तत्त्व येथें आहे. करण्याची एक रीत अशी कीं जाड लादीच्या दोन्ही अंगांस आधीं जाळी चिकटवावयाची आणि मग लादी मधोमध उभी चिरावयाची. एका लादीच्या दोन होतात, आणि दोघींच्या शिरा एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या जुळतात. वाळूच्या जागीं हिऱ्याच्या कणांची करवत आली. हागिया सोफियाची उघडलेली पोथी मात्र तीच राहिली.

परंतु पातळपणाची किंमत द्यावी लागते. अमेरिकेंत शिकागो शहरीं १९७३ सालीं ८३ मजल्यांची एक इमारत पूर्ण झाली व तिला बाहेरून इटलींतील कराराच्या संगमरवराच्या पातळ लाद्या लावल्या. थोड्याच वर्षांत त्या लाद्या ताटलीसारख्या वांकल्या व त्यांस भेगा पडल्या. शेवटीं १९९० ते १९९२ या काळांत सर्वच्या सर्व लाद्या काढून त्यांच्या जागीं अधिक जाड ग्रॅनाइट लावावा लागला. खर्च ८ कोटी डॉलरांच्या वर गेला. फिनलंड देशाच्या राजधानींत अल्वार आल्तो या थोर वास्तुकारानें बांधलेलें फिनलंडिया सभागृह १९७१ सालीं उघडलें. त्यालाही कराराचाच संगमरवर होता. तो वांकला, शतकाच्या अखेरीस बदलला, नवा पुन्हा वांकला, आणि २०२५ सालीं संपलेल्या दुरुस्तींत दुसऱ्यांदां बदलावा लागला.

याचें कारण दगडाच्या कणांत आहे. संगमरवराचा स्फटिक तापला कीं एका दिशेनें पसरतो आणि दुसऱ्या दिशेनें किंचित् आंखडतो. रोज ऊन, रोज थंडी, वर पाणी, असें होत गेलें म्हणजे कणाकणांची एकमेकांवरील पकड ढिली होते. जाड शिळेस तें सोसतें. पातळ लादी वांकते. आणि जेथें शीर असेल तेथें ती प्रथम उलते.

तरीही निराश होण्याचें कारण नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें मेग्गेन गांवीं संत पायस यांचें कॅथलिक चर्च आहे. १९६४ ते १९६६ या काळांत फ्रांत्स फ्युग यांनीं तें बांधलें. पोलादी सांगाड्यांत ग्रीस देशाच्या संगमरवराच्या, तीन सेंटिमीटरांहूनही कमी जाडीच्या लाद्या बसवून त्याच्या भिंती केल्या आहेत. खिडकी एकही नाहीं. दिवसा सूर्याचा प्रकाश दगडांतून पाझरतो, शिरा उजळतात, आणि सारें मंदिर मधाच्या रंगाचें होतें. येथें पातळपणानें दगडाकडून असें काम करून घेतलें कीं जें जाडपणास कधींच साधलें नसतें.

लिंबाचा रस

इतका इतिहास वाचून आम्ही शहाणे झालों असें आम्हांस वाटूं लागलें होतें. तें शहाणपण किती खोल होतें, हें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. एका व्यापाऱ्यानें आम्हांस लादीचा नमुना आणून दाखविला. पांढरी शुभ्र, करड्या शिरांची, वजनास हलकी. भावही अगदीं थोडा. आम्हीं मनांत होकार भरलाच होता. त्या वेळीं आपल्या धर्मग्रामांतील एक वृद्ध पाथरवट दाराशीं बसले होते. या मंदिराच्या भिंतीचे कित्येक चिरे त्यांच्या छिन्नीखालून गेले आहेत. ते म्हणाले, “फादर, जरा एक लिंबू मागवा.” स्वयंपाकघरांतून लिंबू आलें. त्यांनीं दोन थेंब नमुन्यावर पिळले व दोन थेंब आमच्या जुन्या तीर्थपात्राच्या संगमरवरी कडेवर, खालच्या अंगास. कडेवर बारीक बुडबुडे आले आणि तेवढ्या जागेची चकाकी मेली. नमुन्यावर कांहींच झालें नाहीं. तो दगड नव्हता. प्लास्टिकच्या पत्र्यावर छापलेलें दगडाचें चित्र होतें. आंबट रस चुन्याच्या दगडास खातो, चित्रास खात नाहीं. आम्हीं व्यापाऱ्यास नमुना परत दिला व त्या काकांचे हात हातांत घेतले. (भगिनींनीं यावरून हेंही लक्षांत ठेवावें कीं संगमरवर कधींही लिंबानें, चिंचेनें किंवा शिरक्यानें पुसूं नये.)

मग आम्हीं त्यांस विचारलें, “काका, तुम्हीं घडलेली भिंत झांकावी, हें तुम्हांस रुचेल काय?” ते थोडा वेळ थांबले. म्हणाले, “फादर, भिंतीला सदरा घालायचा तर घाला. पण आधी तिची ओल काढा. ओल्या अंगावर नवा सदरा घालून काय उपयोग?”

हें बोलणें सभेपुढें ठेविलें आणि निर्णय आपोआप झाला. पश्चिमेची भिंत पावसाळ्यांत ओल धरते, हें आपण सर्व जाणतों. म्हणून प्रथम तिच्या दरजा खरवडून चुन्यानें भरल्या. दुसरें असें कीं संबंध भिंत मढवावयाची नाहीं. पवित्र मंजूषेमागील मधला पट्टा तेवढा खऱ्या संगमरवराच्या दोन जुळ्या लाद्यांनीं, शिरा पोथीसारख्या उघडून, मढवावयाचा. दोन्ही अंगांस काळा दगड उघडा राहील. पाहणारास वस्त्रही दिसेल व अंगही दिसेल. लाद्या भिंतीस लिंपावयाच्या नाहींत. मागें बोटभर जागा सोडून न गंजणाऱ्या पोलादाच्या आंकड्यांवर बसवावयाच्या, म्हणजे भिंत श्वास घेईल. बाहेरच्या उन्हापावसांत संगमरवर लावावयाचाच नाहीं. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें पवित्र उपासनेविषयीं जो दस्तऐवज दिला, त्यांत डामडौलापेक्षां उदात्त सौंदर्याचा ध्यास धरावा, असें सांगितलें आहे. या मर्यादेंत आपण राहिलों, असें आम्हांस वाटतें.

आणि तिसरी गोष्ट, जी क्रमानें पहिली झाली. भिंत अर्धीही न मढविल्यानें जी रक्कम वांचली, ती आपल्यांतील ज्या मजूर कुटुंबांच्या झोपड्या गेल्या पावसाळ्यापूर्वीं गळत होत्या, त्यांच्या छपरांस दिली. छपरें आधीं झालीं, लाद्या नंतर आल्या. संत योहान क्रिसोस्तोम यांचा क्रम आपण पाळला. यासाठीं ज्यांनीं पैसा दिला त्यांचे, आणि ज्यांनीं पैशाऐवजीं चार दिवसांची मजुरी दिली त्यांचे, आम्ही सारखेच ऋणी आहोंत.

प्रभु येशूनें बाहेरून चुना लावलेल्या व आंत अस्थींनीं भरलेल्या कबरींचा दृष्टांत दिला, तो आवरणाविरुद्ध नव्हता. आंत कांहीं नसतांना बाहेर दाखविण्याविरुद्ध होता. संत पेत्र आपणांस जिवंत दगड म्हणतात. त्या दगडांचें मंदिर पंचवीस वर्षें या खोऱ्यांत उभें आहे. त्यांत कोणी पांढरा आहे, कोणी काळा आहे, आणि प्रत्येकाच्या अंगावर सोसलेल्या दाबाची एखादी शीर आहेच. ती शीर लपविण्याचें कारण नाहीं.

महोत्सवाच्या मिस्सेस याल तेव्हां वेदीमागें पाहा. मधल्या दोन लाद्यांच्या शिरा जेथें एकमेकींस मिळतात, तेथून नजर हळूच बाजूस न्या आणि त्या काळ्या चिऱ्यांकडेही पाहा. त्यांतला एखादा आपल्या वडिलांनीं किंवा चुलत्यांनीं घडला असेल. त्यांच्यासाठीं एक प्रार्थना म्हणा.

परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.

प्रभूच्या ठायीं आपला सेवक,
धर्मग्रामाचा धर्मगुरु